वाळूतले चार खण

“ती काठावर उभी राहिली की जाळं रिकामं येतं. पांढऱ्या पायाची आहे ती. आणखी कसला पुरावा हवा, बाबा?”

पोशा घुश्श्यात होता. तो होडीचा तांडेल; समुद्र आपल्याला घाबरतो, असं त्याचं स्वतःचं मत होतं. ‘ती’ म्हणजे त्याची वहिनी, बायजा. भाऊ वारल्यापासून ती पोशाच्याच घरी राहायची. उद्या तो तिला माहेरी जाणाऱ्या होडीत बसवणार होता, आणि माहेरी तर तिचं कोणी उरलं नव्हतं.

फकीरबाबा उंडीच्या झाडाच्या सावलीत लवंडले होते. ते जागे असतात की झोपेत, हे गावात कोणालाच कधी कळलं नाही. दुपार पेंगुळलेली. खाडीतल्या होड्या पाण्यावर नसून हवेत तरंगताहेत असं वाटत होतं.

बाबांनी डोळे न उघडता वाळूत एक उभी, एक आडवी रेघ ओढली. चार खण झाले.

“वरचे दोन, ती काठावर होती ते दिवस. खालचे दोन, नव्हती ते. डावीकडे रिकामं जाळं, उजवीकडे भरलेलं. आठवेल त्या दिवसाचा एक शिंपला टाक.”

पोशाने मूठभर शिंपले वरच्या डाव्या खणात ओतले.

“बघा!”

“बघितलं. बाकीचे तीन?”

“ते कशाला...?”

बाबा बहुधा घोरत होते.

पोशाने डोकं खाजवलं. सरंगा मासा भरपूर लागला होता, त्या दिवशी टोपली कोणी उचलली? ...वहिनीनेच. त्याने उजवीकडे एक शिंपला टाकला. मग दुसरा. मग आठवतच गेलं.

थंडीत ती तापाने फणफणली होती, घरातून हलली नव्हती. तेव्हाही जाळं कधी भरलेलं, कधी रिकामं. खालच्या खणांतही शिंपले पडले.

वर जितके डावीकडे, जवळजवळ तितकेच उजवीकडे. खाली शिंपले थोडे, पण वाटणी तशीच.

“ती असो, नसो...” पोशा पुटपुटला. लाजेने त्याला मान वर करवेना. “मग भरल्या जाळ्याच्या दिवशी ती मला दिसली कशी नाही, बाबा?”

वारा पडला होता. पोशाने खणांतले शिंपले पुन्हा मुठीत गोळा केले.

“उद्या तिला पाठवू की नको?”

बाबांनी कूस बदलली.

“पाठव की. जाळं भरलेलं असताना ती तुला दिसेल... त्या दिवशी पाठव.”