वळणावरची कोरी पाटी

"पण आक्का, नुसता वरनं गोंद लावून चिकटवला तर बसंल न्हवं?"

शेवंताक्कांनी मान वर केली नाही. मशीनवर कापून झालेल्या अक्षरांभोवतीचं जादा व्हिनाईल, म्हणजे पाट्यांवर लावायचं चिकट प्लास्टिक, त्या चिमट्यानं सोलून काढत होत्या.

"काय बसंल?"

"बाण."

"कुठला?"

सुकुमार चौगुलेनं हातातली गुंडाळी त्यांच्यापुढं ठेवली. आक्कांच्या याच पाट्यांच्या दुकानात तो व्हिनाईल कापायला शिकला होता. पुढं त्यानं एसटी स्टँडसमोर स्वतःचं दुकान थाटलं, भिंतीएवढं प्रिंटिंग मशीन आणलं, आणि आक्कांच्या दारावरनं जाताना गाडी हळू करणंही सोडून दिलं. आज मात्र तो भल्या सकाळी धापा टाकत आला होता.

"घाटातला, आक्का. मी लावलेला. पिवळ्या पाटीवर काळा बाण... सरळ वर जाऊन उजवीकडं वळणारा. दुधाचा टेम्पोवाला आत्ताच सांगून गेला. वळलेला भाग गळून पडलाय."

"मग राहिलं काय?"

"सरळ पट्टी."

चिमटा थांबला.

बाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरच्या गिरणीचं दार दिसत नव्हतं. घाटात तर... सुकुमारला पुढचा विचार करवेना. पाटी सांगत होती, रस्ता सरळ आहे. सरळ पुढं दरी होती.

"लावायच्या आधी पाटी पुसलीस?"

"दव पडलं होतं. शर्टाच्या बाहीनं पुसली."

"स्पिरिटनं?"

"डबा खाली गाडीत राहिला होता..."

आक्कांनी चिमटा खाली ठेवला. त्यानं कापून आणलेला नवा बाण त्यांनी हातात घेतला, टोकांवरनं बोट फिरवलं, आणि कात्रीनं एकेक कोपरा जरा जरा गोल केला.

"टोकदार कोपरा आधी सुटतो," एवढंच म्हणाल्या.

मग स्वेटर चढवला, सामानाची पिशवी खांद्याला लावली आणि त्याच्या मोटारसायकलवर मागं बसल्या.

घाटात प्रत्येक वळणावर सुकुमार कानोसा घ्यायचा. कुठं माणसांचा गलका ऐकू येतोय का? कुणी हाका मारतंय का? काहीच ऐकू येत नव्हतं, आणि त्याचंच त्याला जास्त भय वाटत होतं.

वळणाच्या अलीकडं गाडी लावतायत तोच वरनं एक जीप आली. दिवे दिसले तेव्हा ती पाटीशी पोचलीच होती. सरळच आली. ब्रेक किंचाळला, मागची चाकं कडेच्या खडीत घसरली, चार दगड सुटून खाली गेले... ते आपटल्याचा आवाज आलाच नाही.

जीप कशीबशी सावरली, वळली आणि निघून गेली. आत कुणाचं तरी पोर रडत होतं.

सुकुमार रस्त्यावरच खाली बसला.

आक्का पाटीजवळ गेल्या. उरलेल्या काळ्या पट्टीखाली नख घातलं आणि एका ओढीत ती सोलून काढली.

"आक्का! अहो, पाटी कोरी झाली की!"

"व्हय."

"मग गाडीवाल्याला कळायचं कसं?"

आक्कांनी पिशवीतनं स्पिरिटची बाटली, कोरडं फडकं, रबरी पट्टी आणि गॅसची छोटी बत्ती त्याच्या हातात दिली. स्वतः बॅटरी घेतली आणि रस्त्यानं वर चालू लागल्या.

"तुम्ही नको! मी थांबतो रस्त्यात. बाण तुम्ही लावा."

"पाटी कुणाची?"



धुक्यात आधी त्यांचे पाय दिसेनासे झाले, मग स्वेटर, मग बॅटरीचा उजेडही.

"आक्का..."



सुकुमारनं अंगातलं जर्किन काढून पाटीवर छपरासारखं टाकलं. स्पिरिटनं पत्रा पुसला. फडक्यावर मळ आला. पुन्हा पुसला. बत्तीनं पत्रा कोमट केला, हाताच्या उलट्या बाजूनं चाचपून बघितला. ओल नव्हती. बाणामागचा कागद हळूहळू सोडवत त्यानं बाण टेकवला आणि रबरी पट्टीनं मधून कडेकडे दाबत सुटला.

वर कुठंतरी ट्रकचा आवाज आला. जड, भरलेला, उतारावर वेग धरलेला.

कागद अर्ध्यावर आला होता. इथं सोडला तर उरलेल्या भागावर दव बसणार. ओढून दाबला तर आत हवा राहणार. आवाज जवळ येत होता. हॉर्न वाजला. लांबच लांब.

मग ब्रेक.

मग... काहीच नाही.

सुकुमारच्या तोंडून हुंदका फुटला. पण पट्टी हातातनं सुटली नाही. वळणाचा भाग त्यानं दाबला. टोक दाबलं. प्रत्येक कडेवरनं अंगठा फिरवला. एकेका कोपऱ्याशी थांबला. डोळ्यांतलं पाणी गालावरनं ओघळत होतं, ते त्यानं पाटीवर पडू दिलं नाही.

शेवटची कड बसली तेव्हा तो वर धावला.

"आक्का! ओ आक्का!"

धुक्यातनं आधी ट्रकचे दिवे दिसले. मग त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर, रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या आक्का. ड्रायव्हर खाली उतरून टायरला टेकून उभा होता आणि टॉवेलनं तोंड पुसत होता. बॅटरी अजून आक्कांच्या हातात पेटलेली होती.

"लागला बाण?"

"लागला."

त्या बाजूला झाल्या. ट्रक सावकाश खाली गेला. दोघंही कान देऊन उभे राहिले. वळणाशी गिअर बदलल्याचा आवाज आला, इंजिन घुमलं, आणि हळूहळू लांब गेलं.

सुकुमारनं रस्त्यातच त्यांचे पाय धरले.

"आक्का, तुम्हाला भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की."

आक्कांनी बॅटरी विझवली.

"तू घाई करतोस का काय, ह्याचं."