श्रामणेर आणि सुई

"देह जाणारच आहे, तर मग सुई कशाला टोचून घेतलीत, भन्ते?"

 दंडावर चिकटवलेला कापूस भन्ते रेवतांनी बोटानं हलकेच दाबला.

पूर्णा नदीकाठच्या वस्तीतलं लहानसं विहार. भन्ते चौऱ्याहत्तर वर्षांचे. सकाळीच तालुक्याच्या गावी जाऊन न्यूमोनियाची लस घेऊन आले होते.

विचारणारा उपसेन त्यांचा शिष्य. पुण्यातली मोठी नोकरी सोडून सहा महिन्यांपूर्वी तो श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, झाला होता. बुद्धाच्या उपदेशाची सुत्तं त्याला तोंडपाठ होती. मांडी न मोडता तीन-तीन तास ध्यानाला बसायचा, आणि आपण बसलोय हे इतरांना दिसेल अशाच जागी बसायचा.

"भीती वाटली?" त्यानं पुन्हा विचारलं.

"वाटली."

उपसेनला हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

"मरणाची?"

"मागच्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला होता. तू नव्हतास तेव्हा. अकरा दिवस दवाखान्यात होतो. वस्तीतल्या बाया कामं बुडवून पाळीपाळीनं माझ्या उशाशी बसायच्या."

"मग?"

"मग काय... पुन्हा बसवायचं का त्यांना?"

उपसेन किंचित हसला. एवढ्या मोठ्या प्रश्नाला हे उत्तर त्याला फारच लहान वाटलं.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. वस्तीतली रोशनी गवई आत आली. कडेवर साडेतीन महिन्यांचा सम्यक.

"भन्तेजी, लेकराच्या मनगटाले परित्राणाचा दोरा बांधून द्या. आज अंगणवाडीत सुया हायेत. म्या काही जात नाही."

"का ताई?" उपसेननंच विचारलं.

"मांगच्या खेपेले टोचलं तं दिवसभर ताप होता जी. रडून रडून आवाज बसला त्याचा. सासूबाई म्हणते, आता बस झालं. मलेही भेव वाटते."

उपसेन ताठ बसला.

"ताई, भीती हेच दुःखाचं मूळ आहे. देह अनित्य आहे. जे व्हायचं ते होतं. मन शांत ठेवा आणि घरी जा."

रोशनीचा चेहरा सैल झाला. "बरं झालं जी तुमी सांगतलं." दोऱ्याचंही विसरून ती जायला वळली.

"थांब बेटा," भन्ते म्हणाले. "लेकरू जरा याच्याकडे दे."

उपसेन गोंधळला. इतकं लहान मूल त्यानं कधी घेतलंच नव्हतं. भरलेलं ताट धरावं तसे दोन्ही हात त्यानं पुढे केले. रोशनीनं त्याचा एक हात मानेखाली सरकवून दिला, दुसरा छातीवर ठेवला.

सम्यकनं उपसेनच्या अंगावरच्या चीवराची कड मुठीत पकडली.

"आता तिला सांगितलंस ते याला सांग," भन्ते म्हणाले.

"काय सांगू, भन्ते?"

"देह अनित्य आहे म्हणून."

उपसेननं तोंड उघडलं...

सम्यक टक लावून त्याच्याकडे बघत होता. अंगाला दुधाचा वास. ती अख्खी छाती उपसेनच्या एका तळव्याखाली मावत होती. वर... खाली... वर...

"सांग ना."

उपसेनचे ओठ हलले.

सम्यकला वाटलं, हा आपल्याशी खेळतोय. तो बोळक्या तोंडानं हसला.

उपसेन त्याच्या छातीवरच्या आपल्या तळव्याकडे बघत राहिला.

"काय झालं जी?" रोशनी घाबरली. "लेकराले काही हाय का?"

उपसेननं नाही म्हणून मान हलवली. 

"सिस्टर किती वाजेपर्यंत असतात, ताई?"

"दोनलोक."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता.

"चला," तो उठला. "मी चुकीचं सांगितलं तुम्हाला."

"पण सासूबाई?"

भन्तेंनी चीवर बाजूला करून दंड पुढे केला. "सासूला म्हणावं, या म्हाताऱ्यानंही घेतली."

भन्तेही त्यांच्याबरोबर निघाले. अंगणवाडीत खोबरागडे सिस्टर सामान आवरायलाच लागल्या होत्या. त्यांनी सम्यकचं कार्ड बघितलं. "न्यूमोनियाच्या लसीचा दुसरा डोस आज. तिसरा नवव्या महिन्यात. चुकवायचा नाही."

"लस घेतली की न्यूमोनिया होतच नाही?" उपसेननं विचारलं.

"असं नाही म्हणता येत, भन्तेजी. न्यूमोनियाचे जंतू पुष्कळ. पण ही लस ज्या जंतूवर आहे, तो फार वाईट. फुप्फुसात उतरतो, कधी मेंदूपर्यंतही जातो. लहान लेकरं आणि म्हातारी माणसं यांना जास्त धोका. लस घेतलेली असली की पोरं त्याच्या तडाख्यातून पुष्कळ वाचतात." मग रोशनीकडे वळून म्हणाल्या, "ताप आला तर घाबरू नको. बहुतेक एक-दोन दिवसांत उतरतो. औषध किती द्यायचं ते लिहून देते. नाहीच उतरला किंवा पोरगं दूध पिईना, तर लगेच दवाखान्यात आण."

रोशनीनं मान हलवली, पण लेकराचा पाय धरायला तिचे हात धजेनात.

"मी धरतो," उपसेन म्हणाला.

सुई टोचली. सम्यकचा श्वास क्षणभर अडकला, चेहरा लालबुंद झाला, आणि मग तो असा रडला की बाहेरच्या बाया आत डोकावल्या. रडता रडता उपसेनकडेच बघत होता. मघाशी आपल्याशी खेळलेला हाच तो माणूस...

उपसेनच्या गालावरून पाणी ओघळलं. दोन्ही हात गुंतलेले, पुसायचं कशानं?

रोशनीनं लेकरू छातीशी घेतलं. थोड्या वेळानं ते हुंदके देत दूध प्यायला लागलं. तिसऱ्या डोसाची तारीख तिनं सिस्टरांकडून दोनदा विचारून घेतली.

गुरु-शिष्य परतीच्या वाटेला लागले. उपसेन मान खाली घालून चालत होता.

"भन्ते..."

"हं."

"त्यानं माझ्याकडे असं पाहिलं... तो जन्मभर माझ्यावर राग धरेल."

भन्ते रेवत थांबले. कितीतरी दिवसांनी ते मोकळं हसले.

"जन्मभर धरू दे. म्हातारा होईपर्यंत धरू दे."