रसिकाचा सत्कार

सावंतवाडीत लाकडी खेळण्यांचे एक कारखानदार होते, विश्रामराव. त्यांची वेबसाइट उघडली की आधी त्यांचाच फेटेवाला फोटो, मग लांबलचक मनोगत, आणि बिचारी खेळणी पार तळाशी. मागणी येईना, कारागीर हातावर हात ठेवून बसलेले.

वेबसाइट सांभाळणाऱ्या हेमलतेनं भेटींच्या नोंदी पुढं ठेवल्या. "साहेब, महिन्याला चार हजार माणसं येतात आणि फोटो बघून आल्या पावली परत जातात. खेळणी वर घेऊया."

"एकही थांबत नाही?"

"एकजण थांबतो. रोज तीसदा येतो, मनोगत शेवटपर्यंत वाचतो."

मालक फुलले. "बघ, खरा रसिक! सोमवारी त्याला सगळ्यांसमोर आण, शाल-श्रीफळ देऊ. नाही आणलंस तर तू घरी बस."

सोमवारी कारागीर जमले. हेमलता गंभीर चेहऱ्यानं उठली आणि तिनं शाल थेट मालकांच्याच खांद्यावर घातली.

"साहेब, तीसच्या तीस भेटी आपल्याच फोनवरून आहेत."

कुणी हसलं नाही. हसायची सोय कुठं होती! मालकांनी कारागिरांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"खेळणी वर घे," ते म्हणाले.

"आणि मनोगत?"

"ते काढून मला पाठव. घरी वाचीन."