सावळीची जागल

घोडे आपल्या मुक्कामाची जागा आपणच निवडत असत, त्या काळची ही गोष्ट. एका कळपात सावळी नावाची घोडी होती. पान हललं तरी तिचे कान ताठ होत. नदीकाठी थांबायचं ठरलं, तर म्हणाली, "इथे मगर असेल." माळावर थांबले, तर म्हणाली, "इथे आडोसाच नाही." ती बिथरली की सगळेच बिथरत आणि पुढे चालू लागत.

असे चार दिवस गेले. उभ्याउभ्याच डुलक्या घेऊन म्हाताऱ्या अबलखआजोबांचे गुडघे लटपटू लागले. आज अंग टेकलं नाही, तर उद्या ते वाटेतच कोसळणार, हे सावळीलाही दिसत होतं.

तिन्हीसांजेला करंजाच्या बनाशी कळपाची म्होरकी पंचकल्याणी थांबली. "पाणी आहे, गवत आहे. आणखी काय हवं बाईसाहेबांना? गादी?"

"मला इथे झोप नाही येणार," सावळी पुटपुटली.

"मग नको झोपूस, पोरी," आजोबा म्हणाले. "कुणीतरी उभं राहिल्याशिवाय आपल्यात कुणी आडवं होत नाही. माझ्या कानांना आता लांबचं ऐकू येत नाही. तू राहशील उभी?"

सावळी गोंधळली. आजवर तिला सगळे 'शांत हो' एवढंच सांगत आले होते.

ती उभी राहिली. आजोबा कण्हत आडवे झाले, मग बाकीचेही. इतक्यात झुडपात खसपसलं आणि सावळी जोरात फुरफुरली. सगळ्यांच्या माना वर झाल्या. बाहेर आला तो ससा! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ससा का?" आजोबांनी डोळे मिटत विचारलं. "बरं. असंच सांगत जा."

आणि ते घोरू लागले.