करवंटीतलं बोट

राजाचा हत्ती भर बाजारात गुळाच्या ढिगावर जाऊन बसला, आणि त्याच्या पाठीवर माहूतच नाही! माहूत वाटेतच झिंगून खाली घरंगळला होता आणि पळत जाऊन हत्तीखान्यात इतरांत मिसळला होता. सगळ्यांची मुंडाशी एकसारखी, मिशा एकसारख्या आणि उत्तरही एकसारखे, "मी नव्हतो, महाराज!"

उदाजीराजे भडकले. एकदा 'हूं' म्हटले की परत 'उंहू' नाही, असा त्यांचा हट्ट. त्यांनी दवंडी पिटवली, "चाकरांची नशा तपासून देणारा कोणी पंचक्रोशीत असेल, त्यानं दरबारी हजर व्हावं हो ऽऽ!"

एक पैलवान आला. "पिणारा सरळ चालत नाही," म्हणाला, आणि त्याने जमिनीवर दोरी टाकून माहुतांना तिच्यावरून चालवले. डुलत्या हत्तीवर उभी राहणारी माणसे ती! तरातरा गेली. अडखळला तो पैलवानच! मग एका मांत्रिकाने डोळे तपासले. गवताच्या भुशाने सगळ्यांचेच डोळे लाल!

शेवटी राजवैद्य गुंडोपंत उठले. "आमचं नाक हेच आमचं शास्त्र!"

ते एकेकाचे तोंड हुंगत निघाले. कुठे लवंगेचा घमघमाट, कुठे वेलचीचा, तर माहुतांचा जमादार गेनू अत्तराच्या दुकानासारखा दरवळत होता. रायाजी माहुतापाशी आल्यावर मात्र वैद्यबुवांनी नाक दाबले. "सापडला! आंबट वास! हाच दारुडा!"

"बुवा, सकाळी आंबील प्यालोय हो," रायाजी कळवळला. "नाचणीची. आंबणारच की ती!"

"सगळे दारुडे असंच म्हणतात!"

राजांनी हुकूम सोडला, "उद्या याची गाढवावरून धिंड काढा आणि राज्याबाहेर हाकला!"

तोच गर्दीतून रायाजीचा धाकटा भाऊ सुभाना उसळला. आईबाप गेल्यावर ज्याने त्याला घास भरवून वाढवले, तो हा दादा. त्याची धिंड? जीभ आधी, विचार मागाहून, असा सुभानाचा स्वभाव. तो ओरडला, "माझा दादा पीत नाही! खरे दारुडे मी काढून देतो!"

"तू?" गुंडोपंत फिसकन हसले. "जिथं आमचं नाक हरलं नाही, तिथं तू?"

"नाक हरलं नाही बुवा, फसलं!"

राजे गुरगुरले. "ऐक रे! वास घ्यायचा नाही, विचारायचं नाही, कोणाला हात लावायचा नाही. जमलं नाही तर दोघा भावांची एकाच गाढवावरून धिंड!"

"गुन्हा आमचा, महाराज. त्यात गाढवाला का शिक्षा?"

दरबार खिदळला. रायाजीने मात्र कपाळावर हात मारला. "सुभान्या, करणार काय आहेस?"

"ते अजून ठरलं नाही, दादा!"

आता मात्र सुभानाला घाम फुटला. तडक वेशीबाहेरच्या दारूच्या गुत्त्यावर गेला आणि समोरच्या दगडावर बसून पिणाऱ्यांकडे टक लावून पाहत राहिला. कोण येतो, कसा बसतो, कसा पितो. पाहता पाहता एकदम मांडीवर थाप मारून हसला आणि घराकडे पळत सुटला.

दुसऱ्या दिवशी तो दरबारात आला तो मठ्ठ्याची घागर, नारळाच्या करवंट्या आणि फुटाण्यांची परात घेऊन!

"हे काय? पंगत आहे का?" राजांनी विचारले.

"उन्हाचे उभे आहेत सगळे, महाराज. आधी घसे ओले होऊ द्यात. मग तपासणी!"

सगळ्यांच्या हाती करवंट्या गेल्या. रायाजीने सावकाश घोट घेतला, मिशीला लागलेले पांढरे पुसले आणि म्हणाला, "मीठ कमी पडलंय रे."

जमादार गेनूने मात्र करवंटीत बोट बुडवले, चार थेंब जमिनीवर उडवले, डोळे मिटून सगळा मठ्ठा एका दमात घशाखाली ओतला, तोंड वाकडे केले, "हाऽऽ" केले आणि फुटाण्यांकडे हात टाकला! त्याच्या शेजारच्या दोघांनीही तेच केले.

"हे तिघे, महाराज!" सुभाना गरजला. "गुत्त्यावर दारू करवंटीतूनच मिळते, आणि पहिला घोट घेण्याआधी थेंब उडवायची रीत आहे. करवंटी दिसली, की बोट आपसूक बुडतं!"

"खोटं!" गेनू ओरडला. "मी देवाला उडवले थेंब!"

"बरं! मग ताक पिऊन तोंड कशापायी वाकडं केलंस? देव काय कडू लागला?"

गेनूने लोटांगण घातले. "चुकलो, महाराज! त्या दिवशी हत्तीवर मीच होतो!"

रायाजीची मान वर झाली. गुंडोपंतांनी आपली करवंटी हळूच पाठीमागे सरकवली. त्यांचेही बोट ओले होते!

"शाब्बास!" राजे खूश झाले. "आण रे, आम्हालाही मठ्ठा आण!" त्यांनी करवंटी घेतली, बोट बुडवले, आणि हात हवेतच थांबला.

राजांनी डोळे वटारले. "बोल सुभाना! आमचं बोट आत का गेलं?"

खरे बोलावे तर मुंडके जाणार. खोटे बोलावे तर तपासणी खोटी, आणि दादा पुन्हा गाढवावर!

सुभानाने हात जोडले. "माशी पडली होती, महाराज. आपण काढलीत. फक्त ती कुठल्या गुत्त्यावरून उडत आली, तेवढं कोणी विचारू नये!"

राजे असे खदखदून हसले, की मठ्ठा अंगरख्यावर सांडला. "रायाजी, आजपासून हत्तीखान्याचा जमादार तू! गेनू आणि मंडळी हत्तींची लीद उपसतील. गुंडोपंत, टोपली धरायला तुम्हीही जा! आणि सुभाना, तू आमच्या राज्याचा नशापारखी. हे घे सोन्याचं कडं!"

कडे त्याच्या हातात घालता घालता राजे कानाशी पुटपुटले, "मात्र पुढच्या खेपेला आम्हाला मठ्ठा पेल्यातून द्यायचा हं!"