बियाण्याच्या फांद्या

एका डोंगराच्या पायथ्याला लाखेच्या डब्या करणारा एक कारागीर राहायचा. पूर्वी त्या मुलखात असे कारागीर गावोगाव होते. पण लोकांना स्वस्तातली रंगवलेली भांडी आवडू लागली, लाखेला कुणी विचारेना, आणि एकेक घर दुसऱ्या कामाला लागलं. त्यांचे पळसही जळणात गेले. उरला हा एकटा आणि त्याची मुलगी.

मुलीला हे काम मनापासून आवडायचं. लाकडाची डबी गरगर फिरवायची, तिला लाखेची कांडी टेकवायची, लाख तापून पसरली की केवड्याच्या पानाने घासत राहायचं, अगदी तोंड दिसेपर्यंत. बाप म्हणायचा, "हात चांगला आहे तुझा. माझ्यामागे हे तूच चालवशील."

लाख म्हणजे पळसावर बसणाऱ्या बारीक किड्यांची करणी. ती काढताना काही फांद्या तशाच सोडायच्या, असा त्यांच्यात नेम होता. त्या फांद्यांवर नवी पिल्लं निघत आणि झाडभर पसरत. या फांद्यांना ते बियाणं म्हणत. कितीही नड आली तरी बियाण्याला कोयता लावत नसत.

एकदा राजवाड्यातून कारभारी आला. राजकन्येच्या लग्नासाठी पेट्या हव्या होत्या. त्याने डब्या निरखल्या आणि नाक मुरडलं. "लाल फिका वाटतो. याहून गडद जमेल?"

पिल्लं निघण्याआधीच लाख काढली तर रंग गडद उतरतो, हे कारागिराला ठाऊक होतं. तशी लाख आता फक्त बियाण्यावर होती. पण कितीतरी वर्षांत त्याच्या कामाकडे कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. बिचारा भुलला आणि "जमेल" म्हणून बसला.

"बाबा, बियाणं नका तोडू," मुलगी म्हणाली. "एका तरी झाडावर राहू द्या."

"पेट्या कमी पडतील गं. आणि हे मी तुझ्यासाठीच करतोय. राजवाड्यात नाव झालं की तुला जन्मभर काम पुरेल."

"पण लाख कुठून आणायची?"

"येईल कुठून तरी," असं म्हणून तो कोयता घेऊन निघाला.

पेट्या अप्रतिम झाल्या. दरबारात वाहवा झाली. पुढच्या वर्षी कारभारी पुन्हा आला, कारण आता प्रत्येक सरदाराला तशीच पेटी हवी होती. अंगणापलीकडचे पळस हिरवेगार झाले होते.

"झाडं छान भरलीत," कारभारी म्हणाला.

"त्यांचा रस पिणारा किडा उरला नाही, म्हणून," मुलगी म्हणाली.

बाप बियाण्यासाठी मुलूखभर हिंडून आला होता. पळसच राहिले नव्हते, तर बियाणं कुठलं मिळणार? कारभारी हळहळला आणि रंगवलेल्या पेट्या कुठे मिळतील याची चौकशी करत निघून गेला.

बापाने मग मुलीला राहिलेलं सगळं शिकवलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. ती कोऱ्या लाकडाच्या डब्या करायची. एके दिवशी त्याने तिची एक डबी हातात घेतली आणि त्याला रडू कोसळलं. इतकी सुरेख गोलाई त्याला स्वतःला कधी साधली नव्हती, आणि तिच्यावर चढवायला घरात लाखेचा एक तुकडा नव्हता.

तात्पर्य: चार दिवसांच्या कौतुकापायी जो बियाणं मोडतो, त्याची कला शिकणारे हात घरात असूनही मरते.