सुखी झाडाचा वास

झाडं वासातून बोलायची आणि गांधीलमाश्या ते ऐकायच्या, त्या काळची ही गोष्ट. टोमॅटोच्या एका झाडावर एक लठ्ठ अळी राहायची. पान कुरतडलं की झाड वासाने तक्रार करी. पण अळी लगेच जखमेवर आपली लाळ चोपडे आणि तक्रारीचा वास गोड होऊन जाई. "किती समाधानी झाड मिळालंय मला," असं ती सगळ्यांना सांगायची. सांगून सांगून तिला स्वतःलाही ते पटलं होतं.

एके सकाळी अळ्या उचलून नेणारी गांधीलमाशी आली. अळी निर्धास्तपणे म्हणाली, "वास घ्या ना ताई. इथे कुणाची काही तक्रार नाही."

"म्हणूनच आले," माशी म्हणाली. "मळ्यातलं प्रत्येक झाड कशावरून तरी कुरकुरतंय. तीनच पानं उरलेलं हे एकटं खुशीत आहे."

ती अळीला घेऊन उडाली, तेव्हा झाडाला पहिल्यांदा खराखुरा गोड वास सुटला.